पीट पॉसलथ्वेट : एका चेहऱ्यातले अनेक बाप

पडद्यामागचा (धागाकर्ता)

‘द टाउन’ (२०१०) ज्यांनी पाहिलाय त्यांना बॉस्टनच्या चार्ल्सटाउनमधला तो फूलवाला विसरता येणार नाही. हडकुळा म्हातारा गुलाबांच्या दांड्या साफ करत उभा आहे. हाताचं काम चालू, आणि त्याच सुरात तो बेन ॲफ्लेकला सांगतोय की तुझ्या बापाला मी कसा वाकवला आणि तुझ्या आईची काय गत केली. आवाज चढत नाही, डोळे वटारले जात नाहीत. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. सिनेमा बँका लुटणाऱ्या तरण्याबांड पोरांचा, आणि बघून उठल्यावर मनात राहतो तो हा म्हातारा.

तो पीट पॉसलथ्वेट. २ जानेवारी २०११ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी कर्करोगाने तो गेला, आणि त्याच महिन्यात या फूलवाल्यासाठी त्याचं बाफ्टा या ब्रिटिश पुरस्काराचं नामांकन जाहीर झालं.

इंग्लंडात चांगल्या चरित्र अभिनेत्यांची वाण कधीच नव्हती. पण बाप नावाच्या माणसाच्या इतक्या परी एकाच नटाने उभ्या केल्याचं दुसरं उदाहरण मला सापडत नाही. मारणारा बाप, भेदरलेला बाप, जपमाळ ओढणारा बाप, पोराआधी बँडचा विचार करणारा बाप, ‘इन्सेप्शन’मधला मरताना पोराला ‘निराशा केलीस’ एवढंच ऐकवून जाणारा उद्योगपती बाप. गालाची वर आलेली हाडं, मोठं नाक, खोल गेलेले डोळे. रंगभूषेने तो चेहरा बदलायच्या फंदात तो फारसा कधी पडला नाही. तरी प्रत्येक वेळी माणूस वेगळा. हे कसं जमलं, यासाठी हा धागा.

जन्म ७ फेब्रुवारी १९४६, वॉरिंग्टन. लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधलं हे कारखान्यांचं गाव. कॅथलिक, कामगार घर, चार भावंडांतला धाकटा. वडील लाकडी पिंपं बांधायचे, पुढे शाळेत केअरटेकर झाले. पोरगेलेपणी पीटच्या मनात पाद्री व्हायचं होतं. तो झाला शिक्षक. मँचेस्टरच्या एका कॉन्व्हेंट शाळेत नाटक शिकवायचा. मग नोकरी सोडून ब्रिस्टल ओल्ड विकच्या नाट्यशाळेत दाखल झाला. पहिल्या एजंटने आडनाव बदलायचा सल्ला दिला, तो याने साफ धुडकावला. मित्र म्हणायचे, एवढं लांब नाव थिएटरबाहेर दिव्यांत लावायचं तर विजेचं बिल कोण भरणार!

पण खरा पाया लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात घातला गेला. होप स्ट्रीटवर, जुन्या चॅपलच्या इमारतीत १९६४ साली हे थिएटर सुरू झालं. सत्तरच्या दशकात ॲलन डॉसर तिथला कलात्मक संचालक होता, आणि त्या काळात तिथे कोण कोण होतं बघा: जुली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर, बर्नार्ड हिल. लेखकांत विली रसेल आणि ॲलन ब्लीसडेल. एका लहानशा शहरी नाटक मंडळीतून एवढी माणसं निघाली. ही मंडळी व्हॅनमध्ये सामान भरून पबांत आणि वस्त्यांत जाऊन प्रयोग करायची.

पबमधला प्रेक्षक तिकीट काढून आलेला नसतो. तो ग्लास घेऊन बसलेला असतो, शेजारच्याशी फुटबॉलवर वाद घालत असतो. त्याला गप्प करायला आवाज वाढवून उपयोग नसतो, कारण तो तुमच्याहून मोठ्याने बोलू शकतो. तिथे नटाला आपल्या नुसत्या असण्यावर भिस्त ठेवावी लागते. पीटचा पडद्यावरचा तो थबकलेपणा, वाक्याआधी अर्धा क्षण थांबून समोरच्याला बघणं, माझ्या मते त्या पबांत कमावलेलं आहे. पुढे ऐंशीच्या दशकात तो रॉयल शेक्सपिअर कंपनीत होता. अधूनमधून सिनेमांत लहान कामं, १९८४ च्या ‘अ प्रायव्हेट फंक्शन’मध्ये खाटीक वगैरे. चाळिशी उलटेपर्यंत रंगभूमीच्या जाणकारांपलीकडे त्याला कोणी ओळखत नव्हतं.

मग १९८८. टेरेन्स डेव्हिसचा ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’. लिव्हरपूलमधलं युद्धाच्या आगचं-मागचं एक कामगार कुटुंब, दिग्दर्शकाने स्वतःच्या घरावरून रचलेलं. पीट त्यातला बाप. हा सिनेमा गोष्ट सांगत नाही, आठवणी येतील तशा येतात, मधूनमधून माणसं पबमध्ये गाणी म्हणतात.

त्यातला नाताळ बघा. रात्री बाप झोपलेल्या मुलांच्या खोलीत डोकावतो. चेहऱ्यावर एवढी माया की आपल्याला वाटतं, चला, माणूस आतून चांगला आहे. पुढच्या दृश्यात नाताळचं जेवण मांडलेलं टेबल. मुलं बसलेली, कोणी काही बोलत नाही. बाप हात घालतो, टेबलक्लॉथ खस्सकन ओढतो, सगळं खाली. आणि बायकोला ओरडून सांगतो, साफ कर हे. कारण काय? सांगितलेलंच नाही. पीट चेहऱ्यावरही कारण येऊ देत नाही. दुसरा कोणी असता तर रागाच्या आधी एखादी शीर ताणून दाखवली असती, प्रेक्षकाला सूचना दिली असती. इथे सूचना नाही. ज्या घरात मार असतो तिथल्या मुलांनाही ती मिळत नसते.

त्याच सिनेमात मुलं माळ्यावर लपून बघतात आणि खाली बाप घोड्याला खरारा करत गाणं गुणगुणतोय. मुलांना तो तसाच आवडतो, लांबून.

पाच वर्षांनी, १९९३ ला, ‘इन द नेम ऑफ द फादर’. जिम शेरिडनचा सिनेमा, गिल्डफर्ड पब बाँबस्फोटात खोटं गोवल्या गेलेल्या जेरी कॉनलनची कहाणी. जेरी डॅनियल डे-लुइस, त्याचा बाप जुझेप्पे पीट. या दोघांचंही नाट्यशिक्षण ब्रिस्टलचं, आणि आदल्याच वर्षी ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’मध्ये दोघे एकत्र होते. सुरुवातीला कोठडीत जेरी बापावर फुटतो. लहानपणापासूनचं सगळं ओकतो: मी चुकलो की तू मागे हजर, चांगलं केलं तेव्हा कुठे होतास? डे-लुइस त्या दृश्यात आग आहे. पण दुसऱ्यांदा बघाल तेव्हा फक्त जुझेप्पेकडे बघा. तो ऐकून घेतो. आजारी फुप्फुसांचा माणूस, अंगावर कोट, आणि पोराचा एकेक शब्द त्याच्या चेहऱ्यावर येऊन थडकतोय. प्रतिवाद करायची त्याची इच्छाच दिसत नाही. हे ऐकून घेणं सगळ्या नटांना जमत नाही, बरेच जण फक्त आपल्या वाक्याची वाट बघत असतात.

या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. पुरस्कार ‘द फ्युजिटिव्ह’साठी टॉमी ली जोन्सला गेला.

आणि १९९६ चा मार्क हर्मनचा ‘ब्रास्ड ऑफ’. यॉर्कशरमधलं ग्रिमली नावाचं काल्पनिक कोळसागाव, खाण बंद पडायच्या बेतात, आणि खाण कामगारांच्या पितळी वाद्यांच्या बँडचा प्रमुख डॅनी. हा बाप वाईट नाही, पण त्याला बँडपुढे काही दिसत नाही. घरी सुनेच्या संसाराची धूळधाण उडालीय, मुलगा फिल पैशांसाठी विदूषकाचे कपडे घालून पोरांच्या पार्ट्यांत जातोय, आणि डॅनी त्याला ट्रॉम्बोन नवीन घे म्हणून सांगतोय. मग डॅनी इस्पितळात पडतो आणि बँड रात्री खिडकीखाली उभा राहून, हेल्मेटवरचे दिवे लावून ‘डॅनी बॉय’ वाजवतो. शेवटी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याचं भाषण आहे. संगीत महत्त्वाचं असं मला वाटायचं, पण माणसांपुढे त्याची काय मातब्बरी, असं तो सगळ्यांदेखत सांगतो आणि चषक नाकारतो. आयुष्यभर जे धरलं ते सोडताना या माणसाला काय पडतंय ते बघण्यासारखं आहे. चंबावंबा या बँडच्या ‘टबथम्पिंग’ या गाण्याच्या अल्बममधल्या आवृत्तीची सुरुवात याच भाषणाच्या तुकड्याने होते, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांनी त्याचा आवाज नकळत ऐकला आहे.

बाकी हॉलीवूडबद्दल थोडक्यात. ‘एलियन ३’, ‘रोमिओ + ज्युलिएट’मधला फ्रायर लॉरेन्स, १९९७ ला एकाच वर्षी स्पीलबर्गचे दोन, ‘द लॉस्ट वर्ल्ड’ आणि ‘अमिस्टाड’. हा जगातला सर्वोत्तम नट आहे असं स्पीलबर्ग म्हणाल्याचं गाजलं. पीटचं त्यावर उत्तर असं, की स्पीलबर्ग खरं म्हणाला असेल ते हे: पीटची गंमत म्हणजे त्याला आपण जगातले सर्वोत्तम नट आहोत असं वाटतं.

तुम्हाला त्याची कोणती भूमिका लक्षात आहे? नाटकात कोणी पाहिलंय का?

---

कृष्णाकाठ

उत्तम लेख. ‘ब्रास्ड ऑफ’बद्दल लिहायलाच हवं, कारण मी गेली कित्येक वर्षं दक्षिण यॉर्कशरमध्ये छातीच्या विकारांची डॉक्टर म्हणून काम करतेय.

सिनेमातलं ग्रिमली म्हणजे बार्न्झलीजवळचं ग्रिमथॉर्प, आणि पडद्यावर वाजतं ते संगीत खरोखर ग्रिमथॉर्प कोलियरी बँडचं आहे. ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने ३१ खाणी बंद करायचं जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात या बँडने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी तिथली खाण बंद झाली. सिनेमा तिथून उचललेला आहे. बँड अजून आहे.

मला सांगायचंय ते डॅनीच्या श्वासाबद्दल. कोळशाची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात साचली की दम लागणारे जुने खाण कामगार आमच्या दवाखान्यात असायचे. त्यांचं एक वैशिष्ट्य असतं. दम लागलाय हे ते दाखवत नाहीत. चालताना मध्येच थांबतात आणि काहीतरी बघतोय असं करतात, दुकानाची काच, नोटीस बोर्ड. वाक्यं आपोआप लहान होतात, कारण लांब वाक्याला पुरेल एवढी हवा आत नसते. पीटने हे नेमकं पकडलंय. खोकल्याची उबळ कोणीही नट काढेल, पण उबळ नसतानाचा दम काढणं अवघड. अल्बर्ट हॉलमधलं भाषणही तो तसंच तोडत तोडत करतो. तिथला थांबा भावनेचा आहे की फुप्फुसाचा, ते वेगळं काढता येत नाही. इथल्या लोकांनी हा सिनेमा आपला मानला त्यात याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

---

सोळा_मिलिमीटर

लेख आवडला, पण ‘बाप’ या सूत्रात बसवण्यासाठी तुम्ही त्याचं सगळ्यात चकवणारं काम बाजूला टाकलंत. ‘द यूज्वल सस्पेक्ट्स’ (१९९५) मधला वकील कोबायाशी!

(रहस्यभेद आहे, पाहिला नसेल तर पुढची प्रतिक्रिया सोडून द्या.)

नाव जपानी, चेहरा इंग्रज, बोलण्याची ढब कुठल्याच एका देशाची नाही. पाच गुंडांसमोर बसून तो एखाद्या बँकेच्या अधिकाऱ्यासारखा एकेकाची फाइल पुढे सरकवतो. पुढे त्याचे अंगरक्षक मारले जातात, बंदूक त्याच्यावर रोखलेली असते, आणि हा माणूस जागचा हलत नाही, कारण त्या पाचांतल्या कीटनचं जिच्यावर प्रेम आहे ती आपल्या ऑफिसात बसलीय हे त्याला माहीत आहे. शेवटी कळतं की कोबायाशी हे नावच एका कपाच्या बुडावरून उचललेलं आहे. म्हणजे आपण दोन तास पाहिला तो माणूस त्या नावाचा कोणी नव्हताच. तरी शेवटच्या दृश्यात गाडी चालवणारा पीट आहेच! जो माणूस खरा आहे की रचलेला हे प्रेक्षकाला सांगायचं नाही, तो साकारायचा कसा? ती विचित्र ढब हे त्याचं उत्तर आहे. ज्याचं गाव ओळखता येत नाही अशा माणसाबद्दल काहीही खरं असू शकतं.

माझ्या मते हे काम जुझेप्पेच्या बरोबरीचं आहे.

---

पडद्यामागचा

कृष्णाकाठ, तो काच बघत थांबण्याचा तपशील वाचून मी रात्री सिनेमा परत लावला. मनापासून आभार. जाणकाराने सांगितल्याशिवाय हे दिसत नाही.

सोळा_मिलिमीटर, कोबायाशी अफलातून आहे, पण बरोबरीचा म्हणायला मी तयार नाही. तिथे पटकथा त्याच्यासाठी अर्धं काम करते. जुझेप्पेला पटकथा फारसं काही देत नाही. एक भाबडा, आजारी, देवभोळा माणूस. कागदावर वाचला तर कंटाळा येईल असा. सज्जन माणूस रंगवणं हे नटासाठी सगळ्यात कठीण आणि तिथे तो टिकला.

---

गाविलगड

मी अमरावतीचा, म्हणून ही प्रतिक्रिया.

‘शार्प’ या ब्रिटिश मालिकेत (शॉन बीन नायक) पीटने १९९४ ला सार्जंट ओबडाया हेक्सविल केलाय. नेपोलियनच्या काळातला इंग्रज सैन्यातला महाहलकट. लहानपणी फाशी दिलेलं असूनही वाचलेला, त्यामुळे मानेला झटके येतात आणि आपण मरूच शकत नाही अशी त्याची पक्की समजूत. टोपीच्या आत आईचं चित्र ठेवलेलं असतं. हा माणूस टोपी काढून तिच्यात तोंड घालून आईशी बोलतो. पीट हे इतक्या खऱ्या मायेने करतो की किळसही येते आणि पोटात कालवतंही. धागाकर्त्यांच्या सूत्राला धरून सांगायचं तर या प्राण्याला बाप नाही, फक्त टोपीतली आई आहे.

आता आमच्याकडचा धागा. मालिकेतला हेक्सविल स्पेन-पोर्तुगालच्या लढायांत आहे. मालिकेनंतर, १९९७ पासून, मूळ लेखक बर्नार्ड कॉर्नवेलने शार्पच्या हिंदुस्थानातल्या दिवसांवर तीन कादंबऱ्या लिहिल्या: पहिली श्रीरंगपट्टणची, दुसरी असईच्या लढाईची, तिसरी थेट गाविलगडच्या वेढ्याची. हेक्सविल तिन्हींत आहे. असई म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातलं, सप्टेंबर १८०३. गाविलगड चिखलदऱ्याला, त्याच वर्षीचा डिसेंबर. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातल्या या दोन्ही लढाया आर्थर वेलस्लीच्या. मालिका आधी पाहिलेल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे गाविलगडच्या तटाखाली हेक्सविल म्हणून पीटचाच चेहरा येतो. मला तरी गडावर गेलं की तो दिसतोच. त्या वेढ्यात आत अडकलेल्या आपल्या माणसांची फार मोठी कत्तल झाली. तिची कथा इंग्रज शिपायाच्या बाजूने वाचताना जीव गलबलतो, पण त्या सैन्यात कसली माणसं होती हे दाखवायला हेक्सविल पुरेसा आहे.

---

चाफेकळी

गाविलगड, ही माहिती अगदी नवी. चिखलदऱ्याला दोनदा जाऊन आले, आता त्या दृष्टीने जाईन.

बापाच्या यादीसमोर मी एक मुलगा ठेवते. १९९९ चा ‘लॉस्ट फॉर वर्ड्स’, टीव्हीसाठी केलेला सिनेमा. थोरा हर्ड म्हातारी आई, पीट तिचा लेक. लेखक डेरिक लाँगडेनचा स्वतःचा अनुभव. आई घरभर काहीतरी विचित्र बोलत फिरते, पडते, पक्षाघात होतो, हळूहळू शब्द जातात. थोरा हर्ड तेव्हा ८७ वर्षांच्या होत्या आणि त्यांना यासाठी बाफ्टा मिळालं, ते योग्यच. पण ज्याच्या घरात आजारी म्हातारं माणूस आहे त्याने पीटकडे बघावं. आईच्या चुकीच्या शब्दाला तो कधी दुरुस्त करत नाही. हसतो, पण तिला हसत नाही. सेवा करणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे असतं, थकवा आणि थकवा लपवायची सवय, ते तिथे आहे. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात आम्ही सगळ्यांनी तो एकत्र बसून पाहिला होता आणि नंतर घरातला सूर थोडा निवळला.

---

तिसरी_घंटा

मी त्याला रंगमंचावर पाहिलंय. लंडनला शिकत होतो तेव्हा, २००९ च्या सुरुवातीला, यंग विकमध्ये ‘किंग लिअर’.

ही लिअरची निर्मिती मुळात २००८ ची, लिव्हरपूलच्या एव्हरीमनची. त्या वर्षी लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. लिअर करायचा तर जिथे सुरुवात केली तिथेच, असा पीटचा आग्रह होता. दिग्दर्शक रुपर्ट गूल्ड. त्याच गूल्डबरोबर पीटने आधी ‘स्कॅरामूश जोन्स’ हा एकपात्री प्रयोग केला होता: १९९९ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री शंभर वर्षांचा विदूषक आपलं आयुष्य सांगतोय. तो प्रयोग घेऊन पीट देशोदेशी हिंडला. सिनेमाचे पैसे मिळत असताना पन्नाशीच्या पुढचा नट एकटाच विदूषकाचा रंग चोपडून गावोगाव फिरतो यावरून त्याचं मन कुठे होतं ते कळतं. आणि २००७ मध्ये मँचेस्टरच्या रॉयल एक्सचेंजमध्ये ‘द टेम्पेस्ट’मधला प्रॉस्पेरोही केला. शेक्सपिअरचे दोन म्हातारे बाप, पाठोपाठ.

लिअरच्या लिव्हरपूलच्या प्रयोगांवर समीक्षा संमिश्र होत्या. लंडनला येईपर्यंत प्रयोगात बरेच बदल झाले. यंग विक लहान आहे, नट हाताच्या अंतरावर वाटतात. मला तो सुरुवातीला राजा कमी आणि एखाद्या मोठ्या घरातला हेकट कर्ता पुरुष जास्त वाटला, जो जेवायच्या टेबलावर लेकींकडून कौतुक वसूल करतोय. नटसम्राटवर वाढलेला मी, मला लिअरकडून भाषेच्या लाटा हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत आणि मध्यंतरापर्यंत मी थोडा नाराजच होतो. पण उत्तरार्धात हा सडपातळ म्हातारा जे काही उघडा पडला! अप्पा बेलवलकरांना अडचणीत स्वगतं धावून येतात, ते नट आहेत. या लिअरकडे तसलं काही नव्हतं, आतून सगळं रिकामं होत गेलेलं दिसत होतं. कॉर्डेलिया मेल्यावर ‘नेव्हर’ हा शब्द पाच वेळा येतो त्या ओळीला आमच्या रांगेत कोणी सरळ बसलेलं नव्हतं.

---

खारा_वारा

नटाबद्दल एवढं झालंय तर माणसाबद्दल थोडं. २००४ ला त्याला ओबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान मिळाला. २००९ मध्ये फ्रॅनी आर्मस्ट्राँगचा ‘द एज ऑफ स्टुपिड’ आला, हवामान बदलावरचा. त्यात पीट २०५५ सालचा म्हातारा आहे. जग उद्ध्वस्त झालंय, आर्क्टिकमधल्या एका मनोऱ्यात मानवजातीचे दस्तऐवज जपत हा एकटा बसलाय आणि आपल्या काळातल्या खऱ्या चित्रफिती बघत विचारतोय की शक्य होतं तेव्हा आपण स्वतःला का वाचवलं नाही.

त्या खऱ्या चित्रफितींत एक मुंबईची आहे. जेह वाडिया स्वस्त विमान कंपनी उभी करतायत, रेल्वेने जाणाऱ्या साध्या माणसाला विमानात बसवायचं त्यांचं स्वप्न आहे. सिनेमा त्यांना खलनायक करत नाही, हे मला फार आवडलं. ज्यांनी कधी विमान आतून पाहिलेलं नाही त्यांना ते मिळावं हीही न्याय्यच गोष्ट, आणि धुराचा हिशेबही खरा. पीटचा चेहरा या दोन्हींकडे सारख्याच कळवळ्याने बघतो.

लंडनच्या प्रीमियरला ऊर्जामंत्री एड मिलिबँड हजर होते. पीटने तिथेच सांगितलं की केंटमधल्या किंग्जनॉर्थला कोळशावरचं नवं वीज केंद्र मंजूर केलंत तर ओबीई परत करेन. ते केंद्र पुढे झालंच नाही. श्रॉपशरमधल्या आपल्या घराच्या आवारात त्याने पवनचक्कीही बसवली होती. खाण कामगारांसाठी रडवणारा डॅनी आणि कोळशाच्या केंद्राला विरोध करणारा पीट यांत मला विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच, माणसांचं काय होणार.

---

नवखा

मी याचे फक्त ‘इन्सेप्शन’ आणि ‘लॉस्ट वर्ल्ड’ पाहिलेत. ‘इन्सेप्शन’मधला मरणासन्न उद्योगपती हाच, हे इथे वाचून कळलं! सुरुवात कुठून करू? आणि ‘इन द नेम ऑफ द फादर’ कितपत खरा आहे?

---

पडद्यामागचा

तिसरी_घंटा, हेवा वाटतो तुमचा. चाफेकळी, ‘लॉस्ट फॉर वर्ड्स’ने माझ्या सूत्राला छेद दिला, आणि तो पटला. तिथे तो ज्या पद्धतीने आईचं ऐकतो ती जुझेप्पेचीच पद्धत आहे. तेव्हा बाप हा शब्द मी फार धरून बसणार नाही. घरातल्या माणसाचं ऐकून घेणारा नट, असं म्हणूया.

नवखा, आधी खऱ्या-खोट्याचं. गाभा खरा आहे, तपशील सिनेमाने बदललेत. डिसेंबर १९७४ मध्ये मुलाला वकील मिळवून द्यायला जुझेप्पे बेलफास्टहून लंडनला आला आणि नातेवाइकांसकट स्वतःच अडकला, हे खरं. बाप-लेकावर एकत्र खटला चालला आणि दोघे एकाच कोठडीत राहिले, हे सिनेमातलं. प्रत्यक्षात खटले वेगळे होते: जेरीसह गिल्डफर्डच्या चौघांचा १९७५ ला, जुझेप्पेसह ‘मग्वायर सेव्हन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सातांचा १९७६ ला. जुझेप्पे जानेवारी १९८० मध्ये कैदेत असतानाच वारला. जेरी ऑक्टोबर १९८९ ला सुटला. जुझेप्पेची शिक्षा रद्द झाली १९९१ ला, मरणानंतर अकरा वर्षांनी. २००५ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी जाहीर माफी मागितली. एक कोठडी केल्यामुळे शेरिडनला बाप-लेक समोरासमोर बसवता आले आणि ती मुभा घेतल्याबद्दल माझी तरी तक्रार नाही.

सुरुवात ‘ब्रास्ड ऑफ’पासून कर. हसवतो, रडवतो, आणि इंग्लंडच्या उत्तरेचं बोलणं कानाला सरावतं. सबटायटल लावून बघ, पहिली वीस मिनिटं जड जातील. मग ‘इन द नेम ऑफ द फादर’. ‘डिस्टंट व्हॉइसेस’ तिसरा, आणि तो मोबाइलवर नको. गाणी नीट ऐकू यायला हवीत, शिवाय त्यात गोष्ट शोधत बसलास तर कंटाळशील. ‘लॉस्ट वर्ल्ड’ पाहिलाच आहेस तर शेवटी शिकारी रोलंडचं एक छोटं दृश्य परत बघ. त्याला हवा होता तो प्राणी त्याने जिंकलाय, पण जोडीदार अजय मेलाय, आणि समोर नोकरीचा प्रस्ताव ठेवला जातो. मृत्यूच्या सहवासात पुरेसा वेळ काढला, एवढं सांगून तो निघतो. डायनासोरच्या धुडगुसात हा एकच माणूस कोणासाठी तरी शोक करतो.

‘किलिंग बोनो’ (२०११) हा त्याचा शेवटचा. आजारपणामुळे त्याला झेपेल अशी भूमिका त्यात खास लिहिली गेली, भाड्याने खोली देणाऱ्या घरमालकाची. सिनेमा ठीकठाकच आहे, तो मात्र मजेत दिसतो. ‘मार्टिन चझलविट’ ही १९९४ ची बीबीसीची मालिका मी अजून पूर्ण पाहिलेली नाही. कोणी पाहिली असेल तर तिच्याबद्दल सविस्तर लिहा, डिकन्सच्या पात्रात त्याने काय केलंय ते वाचायला आवडेल.